तांत्रिक मदत मागताना पहिल्याच प्रश्नात काय काय लिहावं?

टेस्टर_दिवा

जानेवारी उजाडला की डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या प्रकल्पांचा हंगाम सुरू होतो आणि मायक्रोकंट्रोलरच्या गटांवर प्रश्नांची रीघ लागते. त्यातले बरेचसे असे: "सर, ईएसपी३२ चालत नाही. प्लीज हेल्प. अर्जंट." (ईएसपी३२ ही वायफाय असलेली मायक्रोकंट्रोलर चिप, तिच्यावर बनलेले बोर्ड बरेच.) कोणीतरी विचारतं, कुठला बोर्ड? उत्तर येतं, ईएसपी३२. कोड दाखवा म्हटलं की लॅपटॉपच्या पडद्याचा मोबाइलने काढलेला तिरपा फोटो येतो. सर्किट? "यूट्यूबवर आहे तसंच." दोन दिवस आणि आठ प्रतिसाद खर्ची पडतात, तरी बिघाड काय आहे ते कोणालाच कळलेलं नसतं.

माझं मत असं की मदत मागण्यातली सभ्यता 'सर' आणि 'प्लीज'मध्ये नसते. उत्तर देणारा स्वतःचा वेळ फुकट देतो. त्याला उलट काही न विचारता तोच बिघाड आपल्या टेबलावर उभा करता यावा इतकं लिहून देणं ही सभ्यता. नवख्यांच्या हातात ठेवता येईल असा छोटा मजकूर तयार करतोय. आत्ता त्यात एवढं आहे: बोर्डचं पूर्ण नाव, सॉफ्टवेअर आणि त्याची आवृत्ती, कुठली वायर कुठल्या पिनला, वीज कुठून दिली आहे, बिघाड दाखवणारा लहानात लहान कोड, एरर जशीच्या तशी, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि आतापर्यंत काय करून पाहिलं.

तीन बाबतींत मतं हवी आहेत. नवख्याकडून इतकी अपेक्षा रास्त आहे का? फोटो आणि स्क्रीनशॉट चालवून घ्यावेत का? आणि भाषा कुठली असावी?

पिन_क्रमांक_शून्य

यादी छान आहे. 'आवृत्ती'च्या पुढे कंसात ठळक लिहा: 'लेटेस्ट' नावाची आवृत्ती अजून कोणी काढलेली नाही. :)

कारणही द्या, नाहीतर आवृत्ती लिहिणं म्हणजे नुसता उपचार वाटतो. ईएसपी३२ साठीचा आर्डुइनो कोअर (आर्डुइनोतून त्या चिपसाठी कोड लिहू देणारा सॉफ्टवेअरचा संच) २०२४ मध्ये ३.० झाला आणि पीडब्ल्यूएमची (पिन वेगाने चालू-बंद करून वीज कमी-जास्त करण्याची) फंक्शन्स बदलली. 'एलईडीसी-सेटअप' आणि 'एलईडीसी-अटॅचपिन' काढून टाकली, त्यांच्या जागी एकच 'एलईडीसी-अटॅच' आलं. जुन्या व्हिडिओतला कोड नव्या कोअरवर कंपाइलच होत नाही. विचारणाऱ्याने '३.०.७' एवढं लिहिलं तर उत्तर एका ओळीत संपतं. नाही लिहिलं तर कोणी लायब्ररी पुन्हा टाकायला सांगतं, कोणी बोर्ड बदलायला.

सोल्डरवाली

सहमत. पिनचे आकडेसुद्धा तितकेच महत्त्वाचे. "सेन्सर अॅनालॉग पिनला जोडला आहे" या वाक्याचा काही उपयोग नाही. मूळ ईएसपी३२ मध्ये ३२ ते ३९ या पिना एडीसी१ वर आहेत (एडीसी म्हणजे व्होल्टेज मोजून आकडा देणारा चिपमधला भाग, असे दोन आहेत). ०, २, ४, १२ ते १५, आणि २५ ते २७ या एडीसी२ वर. वायफाय चालू असताना एडीसी२ वाय-फायच्या ताब्यात असतो आणि त्यावरचं वाचन भरवशाचं राहत नाही. शिवाय ६ ते ११ फ्लॅश मेमरीला जोडलेल्या, ३४ ते ३९ फक्त इनपुट, आणि १२ नंबरला सुरू होताना बाहेरून हाय (म्हणजे व्होल्टेज) मिळालं तर बहुतेक बोर्ड सुरूच होत नाहीत, कारण फ्लॅशचा व्होल्टेज त्या पिनवरून ठरतो. म्हणजे नुसता पिन क्रमांक वाचून बऱ्याच वेळा निदान होतं. तो प्रश्नात नसेल तर माहीतगार माणूसही चाचपडत राहतो.

अर्धीमात्रा

यावरून एक मुद्दा, जो यादीत नाही आणि माझ्या मते सगळ्यात वर हवा: मूळ हेतू लिहा.

नमुना प्रश्न: "पन्नास रीडिंगची सरासरी कशी काढायची?" वरवर पाहता नीट, नेमका प्रश्न. दहा जण सरासरीचा कोड देतील. पण सरासरी कशाला हवी? ओलाव्याच्या सेन्सरची रीडिंग वेडीवाकडी येतात म्हणून. कधीपासून? वायफाय जोडल्यापासून. सेन्सर कुठे? पिन ४ वर. म्हणजे सोल्डरवाली म्हणतात तोच एडीसी२ चा घोळ. वायर पिन ३४ वर हलवली की सरासरीची गरजच उरत नाही. माणसाने आपल्याला सुचलेल्या उपायाबद्दल विचारलं आणि दुखणं सांगितलंच नाही. इंग्रजी गटांवर याला एक्सवाय प्रॉब्लेम म्हणतात.

म्हणून पहिलं वाक्य "मला अमुक बनवायचं आहे", दुसरं "त्यात तमुक अडतंय", आणि त्यानंतर "मला वाटतं यावर असा उपाय असेल, तो कसा करू". तिन्ही हवेत.

गावठी_गीगाहर्ट्झ

माझा थोडा विरोध. ही सगळी यादी बरोबर आहे, पण ती अनुभवी माणसाची यादी आहे. पहिल्यांदा बोर्ड हातात घेतलेल्या मुलाला कोअर म्हणजे काय हेच माहीत नसतं, तो आवृत्ती कुठून आणणार? एडीसी२ हा शब्द माहीत असता तर त्याने विचारलंच नसतं. नऊ कलमी अर्ज पुढे केला की तो न विचारताच निघून जातो, आणि जातो ते बहुतेक कायमचा. तालुक्याच्या आयटीआयमधल्या मुलाला या बाबतीत विचारायला आसपास दुसरं माणूसही नसतं.

अट घालायची तर जी पूर्ण करायला काही यावं लागत नाही तीच घाला. फोटो, कोड, एरर. बाकीचं आपण विचारून घेऊ.

पिन_क्रमांक_शून्य

@गावठी_गीगाहर्ट्झ, आवृत्ती माहीत नसणं हा दोष नाहीच, पण ती कुठे दिसते हे यादीतच सांगता येतं. आर्डुइनो आयडीई २ मध्ये (कोड लिहून बोर्डवर टाकायचा प्रोग्रॅम) डावीकडच्या पट्टीतलं बोर्ड्स मॅनेजर उघडायचं, 'ईएसपी३२' शोधायचं, नावाखाली 'इन्स्टॉल्ड' आकडा असतो. अर्ध्या मिनिटाचं काम. प्रत्येक कलमापुढे "हे कुठे सापडेल" लिहिलं तर त्याचा अर्ज राहत नाही, धडा होतो. ही यादी भरता भरताच कित्येकांचे प्रश्न सुटतात, तो वेगळा फायदा.

गावठी_गीगाहर्ट्झ

'कुठे सापडेल'सकट असेल तर माझा विरोध मागे. यादी अडवायला वापरू नका, एवढंच. "यादी भरली नाही, प्रश्न बंद" हे नको.

सोल्डरवाली

फोटोच्या मुद्द्यावर. एररचा आणि कोडचा फोटो नको, सर्किटचा फोटो हवाच. दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

एररमधला मजकूर कॉपी करून शोधता येतो. फोटोतला शोधायचा तर कोणीतरी बसून टाइप करायला हवा. पुढे तीच एरर आलेल्या माणसालाही फोटोतली ओळ शोधून सापडत नाही. कोडच्या फोटोतून कंपाइल करता येत नाही. दृष्टिहीन सदस्यांचा स्क्रीन-रीडर फोटोपाशी गप्प होतो, हेही लक्षात घ्या.

सर्किटचं उलटं. वर्णनात माणूस जे जोडलंय असं त्याला वाटतं ते लिहितो, फोटोत जे जोडलंय ते दिसतं. फोटो दिवसाउजेडी, वरून सरळ, वायरींची दोन्ही टोकं दिसतील असा. आणि सोबत हाताने काढलेली आकृती: पेन्सिल-कागद चालेल, पण प्रत्येक रेघेच्या दोन्ही टोकांना पिनचं नाव हवं. लांब ब्रेडबोर्ड असेल तर तो मधून जरूर दाखवा. बऱ्याच मोठ्या ब्रेडबोर्डांवर वीजपट्टी मध्यावर तुटलेली असते आणि अर्ध्या सर्किटला ग्राउंडच पोचत नाही. वर्णनात हे कधीच येत नाही, फोटोत लगेच दिसतं.

रफार

फोटोला आणखी एक अपवाद: देवनागरी.

ओएलईडी पडद्यावर मराठी दाखवायचं आणि 'किती'चं 'कि' मोडतं, वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसते, असा प्रश्न नेहमी येतो. लोक मजकूर कॉपी करून टाकतात. तो इथे आपल्या ब्राउझरमध्ये व्यवस्थितच दिसतो, कारण ब्राउझरमागे अक्षरं जुळवणारं इंजिन आहे (फायरफॉक्स आणि क्रोममध्ये हार्फबझ). लहान पडद्यांच्या नेहमीच्या लायब्ररी एकेक अक्षर साठवलेल्या क्रमाने छापतात, आणि युनिकोडमध्ये क आधी, वेलांटी नंतर असा क्रम आहे. त्यामुळे अशा प्रश्नात पडद्याचा फोटो हाच पुरावा. सोबत फॉन्टचं नाव, लायब्ररीचं नाव आणि त्या शब्दाचे युनिकोड क्रमांक द्यावेत: क म्हणजे ०९१५, ह्रस्व वेलांटी ०९३एफ.

क्रमांक का, तर दिसायला एकच शब्द दोन प्रकारे लिहिलेला असू शकतो. 'दऱ्या' नुक्त्याच्या ऱ ने (०९३१), पाय मोडून, लिहिता येतो, किंवा साधा र, हलन्त आणि शून्यरुंदीचा जोडक (२००डी) वापरूनही. डोळ्याला फरक नाही, शोधायला मात्र दोन वेगळे शब्द. "माझ्या डेटाबेसमध्ये शब्द आहे पण सापडत नाही" या प्रश्नाचं उत्तर क्रमांक पाहिल्याशिवाय देताच येत नाही.

आणि जुनी फाइल श्रीलिपी किंवा कृतिदेवमधली असेल तर फॉन्टचं नाव पहिल्या ओळीत. तो मजकूर युनिकोड नसतोच. इथे चिकटवला की नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं उमटतात.

टेस्टर_दिवा

@रफार, हा प्रतिसाद जसाच्या तसा घेतोय. वाचनखूणही साठवली.

ढगातला_सर्व्हर

कोड चिकटवण्याबद्दल कोणी बोललं नाही अजून. कोड टॅगमध्ये हवा. टॅग नसेल तर कित्येक ठिकाणी कोनी कंसातलं हेडर फाइलचं नाव एचटीएमएल समजून गिळलं जातं, दोन तारांकनांमधला भाग तिरपा होऊन तारांकनं गायब होतात, आणि समोर दिसतो तो कोड तुमचा नसतोच. आयडीई २ च्या एडिट मेनूत 'कॉपी फॉर फोरम' आहे, ते टॅगसकट कॉपी करतं. त्याआधी कंट्रोल-टी दाबून ऑटो फॉरमॅट करून घ्या. महिरपी कंस चुकला असेल तर तिथेच दिसेल.

आणि कोड व्हॉट्सअॅपवरून किंवा वर्डमधून फिरवू नका. वर्ड सरळ अवतरणचिन्हं वाकडी करून ठेवतो. मग कंपायलर 'स्ट्रे ३४२ इन प्रोग्रॅम' म्हणतो आणि मूल ३४२ नंबरची ओळ शोधत बसतं. तो ओळीचा आकडा नाही. वाकड्या अवतरणचिन्हाचा पहिला बाइट अष्टमान पद्धतीत ३४२ येतो.

कोड टाकण्याआधी वायफायचा पासवर्ड, टेलिग्राम बॉटचं टोकन, क्लाउडची की काढून टाका. चुकून गेलंच तर पोस्ट संपादित करून भागत नाही. गिटहबवर तर पुढच्या कमिटमध्ये ओळ खोडली तरी इतिहासात ती राहते. आधी टोकन रद्द करून नवं घ्यायचं, साफसफाई नंतर.

चौथाई_चौकट

'लहानात लहान कोड' कसा करायचा ते पण सांगा ना कुणीतरी. सगळे म्हणतात, कसा ते सांगत नाही.

अर्धीमात्रा

@चौथाई_चौकट, रास्त प्रश्न. फाइलची प्रत करा, मूळ फाइलला हात लावू नका. प्रतीतून एक भाग काढा: समजा डिस्प्ले. चालवून पाहा. बिघाड अजून आहे? मग डिस्प्लेचा संबंध नव्हता, तो भाग कायमचा गेला. बिघाड गायब झाला? तो भाग परत आणा आणि दुसरा काढा. वायफाय, सेन्सर, टायमर असं करत जा. सेन्सरऐवजी थेट आकडा लिहून पाहा. तीनशे ओळींच्या वीस-तीस होतात. शेवटी उरलेला कोड रिकाम्या बोर्डवर पुन्हा टाकून बिघाड खरंच दिसतो ना याची खात्री करा. ही शेवटची पायरी लोक गाळतात, आणि मग न चालवलेला, हाताने कापलेला कोड टाकतात, त्यात नव्याच चुका असतात.

पायथनवाल्यांसाठी: ट्रेसबॅक (एररसोबत छापल्या जाणाऱ्या ओळी) पूर्ण द्या, शेवटची ओळ काय चुकलं ते सांगते आणि तिच्या वरच्या ओळी कुठे ते. पांडास (तक्त्यांसाठीची लायब्ररी) असेल तर एक्सेलची फाइल जोडू नका, पहिल्या पाच ओळी डिक्शनरीच्या रूपात छापून मजकूर म्हणून टाका. आर या भाषेत त्याच कामासाठी 'डीपुट' आहे. पोस्टग्रेस डेटाबेस हळू चालतोय असं विचारताना टेबलांची व्याख्या आणि 'एक्सप्लेन अॅनलाइझ'चं पूर्ण उत्तर. नुसती क्वेरी पाहून कोणी सांगू शकत नाही.

नवीनकोरा_२१

सर ईएसपी३२ रिस्टार्ट होतोय सारखा, ठिबकचा प्रोजेक्ट आहे, सबमिशन सोमवारी. प्लीज कोणीतरी सांगा. इथे विचारलं तर चालेल ना?

पिन_क्रमांक_शून्य

धाग्याला जिवंत उदाहरण मिळालं. :) चालेल, जरूर विचारा.

गावठी_गीगाहर्ट्झ

@नवीनकोरा_२१, ये बाबा, बरोबर ठिकाणी आलास. चार गोष्टी सांग: बोर्डवर आणि पंपावर काय छापलंय, वीज कुठून कुठे दिली आहेस, रिस्टार्ट नेमका कधी होतो, आणि सीरियल मॉनिटर १,१५,२०० वर ठेवून रिस्टार्टच्या वेळी आलेल्या ओळी कॉपी करून टाक. वेग चुकीचा असेल तर कचरा अक्षरं दिसतात, तेव्हा तो आधी बघ. पंप २३० व्होल्टचा असेल तर वीज काढून ठेव आणि आधी तेवढंच सांग, मग पुढचं बोलू.

ढगातला_सर्व्हर

तो येईपर्यंत भाषेबद्दल. मराठी ठिकाणी मराठीत विचारा, बिनधास्त. आंतरराष्ट्रीय ठिकाणी साधी, छोटी इंग्रजी वाक्यं. व्याकरण कोणी तपासत नाही, आकडे आणि पिना तपासतात. दोन्हीकडे एक नियम सारखा: एररचं भाषांतर करायचं नाही. यंत्र मराठीत किंवा हिंदीत लावलेलं असेल आणि एरर त्या भाषेत येत असेल, तर लिनक्सवर कमांडच्या आधी 'एलसी_ऑल=सी' लावून ती पुन्हा चालवा, मूळ इंग्रजी संदेश मिळतो. जगभरची उत्तरं त्याच ओळीखाली सापडतात.

सोल्डरवाली

चॅटवर विचारण्याचे रिवाज थोडे वेगळे आहेत, तेही मजकुरात घ्या. लिबेरा चॅटसारख्या आयआरसी (मजकुरी गप्पांच्या जुन्या पद्धतीच्या) जागी (फ्रीनोडवरचे बरेच मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्प २०२१ मध्ये तिथे हलले) "कोणी आहे का?", "एक विचारू का?" असं विचारून थांबू नये. थेट प्रश्न टाकावा आणि खिडकी उघडी ठेवावी. तिथे आपण बाहेर पडलो की मधलं बोलणं आपल्याला दिसत नाही. पाच मिनिटांत निघून गेलेल्याला तासाभराने दिलेलं उत्तर वाया जातं. आपण यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) साडेपाच तास पुढे आहोत. आपली सकाळ म्हणजे युरोपची झोपेची वेळ, तेव्हा दुपारनंतर विचारलेलं बरं. लांब कोड चॅटमध्ये ओतायचा नाही, पेस्टबिनसारख्या जागी ठेवून दुवा द्यायचा.

रफार

आणि एकच प्रश्न चार ठिकाणी एकाच वेळी टाकू नये. एका जागी उत्तर मिळून गेलेलं असतं आणि बाकी ठिकाणी लोक अजून डोकं लावत बसलेले असतात. एक जागा निवडा, दिवसभर थांबा. नाहीच मिळालं तर दुसरीकडे टाका, पण दोन्हीकडे एकमेकांचे दुवे द्या.

चौथाई_चौकट

खासगी निरोपात विचारलेलं चालतं का? काही लोक खूप छान उत्तरं देतात, त्यांनाच थेट विचारावंसं वाटतं.

अर्धीमात्रा

बोलावल्याशिवाय नको. उघड्यावर दिलेलं उत्तर चुकलं तर दुसरा दुरुस्त करतो, आणि पुढच्याला शोधून सापडतं. खासगीत दोन्ही बंद. शिवाय ज्यांची उत्तरं छान त्यांच्याकडेच सगळे जातात, आणि तेच कंटाळून सोडून जातात.

नवीनकोरा_२१

बोर्डवर ईएसपी-वरूम-३२ लिहिलंय, ३० पिनचा. आयडीई २, कोअर ३.०.७ (वर सांगितलं तसं बघितलं). १२ व्होल्ट २ अँपिअरचा अॅडॅप्टर. त्यावरून एलएम२५९६ मॉड्यूल लावून ५ व्होल्ट केलेत, ते ईएसपी३२ च्या व्हीआयएनला आणि रिले मॉड्यूलला (पंप चालू-बंद करणारा स्विच). रिलेचं आयएन पिन २६ ला. ओलाव्याचा सेन्सर ३४ ला. पंप डीसी आहे, त्याच्यावर १२ व्होल्ट २ अँपिअर लिहिलंय, त्याच अॅडॅप्टरवर रिलेतून. पंप दहा सेकंद चालून बंद व्हायला पाहिजे. पंप सुरू झाला की लगेच रिस्टार्ट होतो, कधी कधी बंद होताना पण. सीरियलला 'ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड' येतं. फोटो जोडलाय.

पिन_क्रमांक_शून्य

उत्तम लिहिलंय, आता बोलता येईल. ब्राउनआउट म्हणजे चिपला मिळणारा व्होल्टेज क्षणभर मर्यादेखाली गेला आणि तिने स्वतःला रीसेट केलं. भानगड कोडची नाही, विजेची दिसते. ग्राउंड सगळे एकत्र केलेत का?

सोल्डरवाली

इथे ग्राउंडचा संबंध नाही. रिलेचे संपर्क कॉइलपासून वेगळे असतात, त्यामुळे पंपाच्या बाजूचं ग्राउंड ईएसपी३२ शी जोडायची गरजच नाही. ईएसपी३२ आणि रिले मॉड्यूल यांचं एक असलं की पुरे, आणि फोटोत ते आहे. रिलेऐवजी मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) वापरला असता तर ग्राउंड एकत्र लागलं असतं.

अॅडॅप्टर २ अँपिअरचा, पंपही २ अँपिअरचा. मोटार सुरू होताना छापलेल्या आकड्याच्या कितीतरी पट प्रवाह ओढते, तेव्हा अॅडॅप्टरचा व्होल्टेज कोसळतो आणि ५ व्होल्टही त्याच्याबरोबर. ईएसपी३२ ला स्वतःला वायफायसकट निदान ५०० मिलिअँपिअर देऊ शकणारा स्रोत लागतो, रिलेच्या कॉइलला साधारण ७० वेगळे. हा सुरू होतानाचा भाग. बंद होताना होणारा रीसेट मोटारीच्या उलट झटक्याने होत असावा.

@नवीनकोरा_२१, या क्रमाने कर, एका वेळी एकच बदल:

१. पंपाची एक वायर काढ, फक्त रिले चालू-बंद होऊ दे. रीसेट झाला नाही तर रिले निर्दोष.
२. एलएम२५९६ ची व्हीआयएनला येणारी वायर काढ आणि बोर्डला लॅपटॉपच्या यूएसबीवर घे. दोन्ही स्रोत एकदम जोडू नकोस. रिलेला मॉड्यूलचे ५ व्होल्ट राहू देत, ग्राउंड तसंच ठेव. पंप जोडून चालव.
३. तरी बंद होताना रीसेट झाला तर पंपाच्या दोन टोकांवर १एन४००७ डायोड आडवा लाव.

प्रत्येक पायरीनंतर काय झालं ते लिही.

गावठी_गीगाहर्ट्झ

बघा मंडळी, यादीतली बहुतेक कलमं आली, फक्त चार प्रश्न विचारून. म्हणून म्हणतो, अडवू नका, विचारून घ्या.

ढगातला_सर्व्हर

आली हे खरं, पण ते चार प्रश्न नेमके होते म्हणून आली. "सविस्तर लिहा" म्हटलं असतं तर तो यूट्यूबचा दुवा टाकून मोकळा झाला असता. म्हणजे उत्तर देणाऱ्यांसाठीही रिवाज हवेत. एक: "गुगल करा" म्हणू नये, म्हणायचंच तर कुठले शब्द टाकून शोधायचं ते द्यावं. नाहीतर पुढचा माणूस गुगल करतो आणि "गुगल करा" म्हणणाऱ्या याच प्रतिसादावर येऊन पोचतो. दोन: काय कमी आहे ते नावानिशी मागावं. तीन: अंदाज असेल तर 'अंदाज' लिहावं, सोल्डरवालींनी 'होत असावा' लिहिलं तसं. चार: पाच जणांनी पाच प्रयोग एकदम सांगू नयेत. एकजण हाताळत असेल तर त्याच्या पायऱ्या पूर्ण होऊ द्याव्यात.

रफार

आणि आता एआयने लिहिलेल्या उत्तरांचंही ठरवून टाका. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाने डिसेंबर २०२२ मध्येच चॅटजीपीटीची उत्तरं टाकायला बंदी घातली. प्रश्न विचारताना एआयचा कोड असायला हरकत नाही, पण "हा कोड एआयने लिहिला आहे" हे सांगा. त्यात कधी कधी लायब्ररीत अस्तित्वातच नसलेली फंक्शन्स असतात. माणसाने लिहिलाय असं समजून वाचणारा ते फंक्शन जुन्या आवृत्तीत शोधत बसतो. उत्तर देणाऱ्याने स्वतः चालवून न पाहिलेला एआयचा मजकूर इथे डकवणं मात्र मला मान्य नाही. विचारणाऱ्याला तो स्वतःही मिळवता आला असता, आणि चुकीचा प्रयोग केला तर बोर्ड त्याचा जळतो.

चौथाई_चौकट

+१. आणि 'अर्जंट'चं काय? सबमिशन सगळ्यांचंच सोमवारी असतं. :)

अर्धीमात्रा

शीर्षकात 'अर्जंट' लिहून काही फायदा नाही, त्या जागेत बिघाड लिहावा. "मदत हवी, अर्जंट" ऐवजी "ईएसपी३२: १२ व्होल्टचा पंप सुरू होताच ब्राउनआउट रीसेट". ज्याला विजेच्या पुरवठ्यातलं कळतं तो दुसरं वाचून आत येतो. पहिलं वाचून कोण येईल ते सांगता येत नाही. मुदत खरी असेल तर मजकुराच्या शेवटी एक साधं वाक्य पुरे.

टेस्टर_दिवा

मजकूर आता असा करतोय. सुरुवातीला फक्त मोजक्या ओळी, काही येत नसलं तरी भरता येतील अशा: काय बनवताय, कुठे अडलंय, बोर्डवर आणि जोडलेल्या वस्तूंवर काय छापलंय, वीज कुठून, सर्किटचा फोटो, कोड आणि एरर, मजकुराच्या रूपात. त्याखाली 'जमलं तर' या नावाने आवृत्ती, लहान केलेला कोड, करून पाहिलेले प्रयोग, प्रत्येकापुढे ते कुठे सापडेल हे. देवनागरीचा भाग वेगळा. तिसरा भाग उत्तर देणाऱ्यांसाठी, ढगातला_सर्व्हर यांच्या चार कलमांवरून. २३० व्होल्टची सूचना सगळ्यांच्या वर, लाल अक्षरांत.

सोल्डरवाली

'वीज कुठून'च्या पुढे लिहा: अॅडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही आकडे. लोक फक्त व्होल्ट लिहितात.

नवीनकोरा_२१

करून बघितलं. १: रीसेट नाही. २: सुरू होताना रीसेट नाही, बंद होताना दोनदा झाला. ३: डायोड लावल्यावर सलग वीस वेळा चालू-बंद केलं, एकदाही नाही. आता बोर्ड आणि रिले मोबाइलच्या ५ व्होल्ट २ अँपिअर चार्जरवर आहेत आणि १२ व्होल्टचा अॅडॅप्टर फक्त पंपाला. एलएम२५९६ काढून टाकलं. शीर्षक देऊन हे वेगळ्या धाग्यात पण टाकतो, मिळालेल्या उत्तरासकट. सगळ्यांचे मनापासून आभार.

पिन_क्रमांक_शून्य

सुटलं म्हणून नुसतं न सांगता कशाने सुटलं ते लिहिलंत, हे फार मोलाचं. वेगळ्या धाग्यात टाकताना डायोडचा पट्टा कुठल्या वायरीकडे ते जरूर लिहा. पुढच्याने उलटा लावला तर पंप चालू होताच अॅडॅप्टर शॉर्ट होईल.

नवीनकोरा_२१

लिहिलं. पट्टा पंपाच्या धन वायरीकडे. डायोडचा जवळून फोटोही जोडला.